दहा पिकोसेकंदांचा टीडीसी झाला, आता पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.टेक.च्या प्रकल्पात एफपीजीएवर (आत हवं ते सर्किट रचता येणारी चिप) टीडीसी केला, म्हणजे दोन सिग्नलांमधली वेळ मोजून तिचा आकडा देणारं सर्किट. बिन, म्हणजे मोजमापाची सगळ्यात लहान पायरी, आला १० पिकोसेकंदांचा. मग सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या प्रयोगांचे नवे टायमिंग डिटेक्टर ३० ते ५० पिकोसेकंदांचंच उद्दिष्ट का ठेवतात? हा टीडीसी तिथे चालेल का? आणि या क्षेत्रात यायचं तर पुढे काय शिकावं?

कण-डिटेक्टरांचं फ्रंट-एंड इलेक्ट्रॉनिक्स हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टीडीसी हा आता या साखळीतला सगळ्यात सोपा दुवा झाला आहे. वेळेची अचूकता मुळात ठरते डिटेक्टर आणि पहिल्या ॲम्प्लिफायरमध्ये, आणि नंतर ती हातची जाते ती बहुतेक वेळा क्लॉकपायी, म्हणजे सगळ्या बोर्डांना ताल देणाऱ्या सिग्नलपायी. तुमच्या टीडीसीचं काम वाया गेलेलं नाही, पण पुढची मेहनत बिन १० वरून ५ वर आणण्यात घालू नका.

आधी अचूकता किती हवी ते पाहू. ते ठरवल्याशिवाय केलेलं डिझाइन हमखास महाग पडतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, १० पिकोसेकंदांत ३ मिलिमीटर. आपल्याकडचं उदाहरण घ्या. इंडिया-बेस्ड न्यूट्रिनो ऑब्झर्व्हेटरीसाठी आखलेला आयकॅल हा ५० हजार टन चुंबकित लोखंडाचा डिटेक्टर. ५.६ सेंटिमीटर जाडीच्या लोखंडी प्लेटा, मधे ४ सेंटिमीटरची फट, फटीत आरपीसी, म्हणजे काचेच्या दोन तावांमध्ये वायू भरलेले डिटेक्टर. म्यूऑन वरून खाली आला की खालून वर गेला हे ओळखायचं, कारण खालून येणारा म्यूऑन म्हणजे पृथ्वी आरपार करून आलेल्या न्यूट्रिनोची खूण. एका थरातून दुसऱ्या थरात जायला म्यूऑनला सुमारे ०.३२ नॅनोसेकंद लागतात. दहा थर ओलांडले की ३.२ नॅनोसेकंद झाले. आरपीसीची अचूकता एका नॅनोसेकंदाच्या आसपास असते, आणि दिशा ओळखायला तेवढी पुरते. आराखड्यात आरपीसी २८,८०० आणि चॅनेल ३६ लाखांच्या घरात. तिथे प्रत्येक चॅनेलला १० पिकोसेकंदांचा टीडीसी लावला तर वीज आणि पैसा दोन्ही वाया जाईल. त्यापेक्षा प्रत्येक चॅनेल किती मिलिवॉट खातो हा प्रश्न कितीतरी मोठा आहे.

सर्नमधल्या ॲलिस प्रयोगाची गरज वेगळी. तिथला टाइम-ऑफ-फ्लाइट डिटेक्टर टक्करीच्या बिंदूपासून ३.७ मीटरवर आहे, आणि पायॉन व केऑन हे दोन कण वेगळे ओळखणं हे त्याचं मुख्य काम. दोघांचा संवेग १ जीईव्ही असेल तर केऑन १.३ नॅनोसेकंद उशिरा पोहोचतो. तोच संवेग २.५ जीईव्ही झाला की फरक उरतो जेमतेम २२० पिकोसेकंदांचा. हे गणित तुम्ही स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. एकूण अचूकता ८० पिकोसेकंद असेल तर २.५ जीईव्हीला दोन्ही कण जेमतेम वेगळे दिसतात, ६० च्या खाली आणली तर बऱ्यापैकी सुटे होतात. टायमिंगमधला प्रत्येक पिकोसेकंद तिथे थेट भौतिकशास्त्रात रूपांतरित होतो.

आता तुम्ही विचारलेली ३० पिकोसेकंदांची गोष्ट. एलएचसी या सर्नच्या प्रवेगकामध्ये दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांतून जातात. टकरींचं प्रमाण खूप वाढवलेल्या पुढच्या उच्च-तेजस्विता टप्प्यात अशा एका भेटीत २०० पर्यंत टकरी होतील. त्या सगळ्या काही सेंटिमीटरांच्या पट्ट्यात होतात, त्यामुळे ट्रॅकर (कणांच्या वाटा टिपणारा डिटेक्टर) कितीही चांगला असला तरी कोणता ट्रॅक कोणत्या टक्करीचा याचा गोंधळ उडतो. पण त्या टकरी एकाच क्षणी होत नाहीत. काळातही त्या पसरलेल्या असतात आणि हा पसारा १८० ते २०० पिकोसेकंदांचा असतो. ३० पिकोसेकंदांच्या अचूकतेने प्रत्येक ट्रॅकवर वेळेचा शिक्का मारला, तर त्या पसाऱ्याचे पाच-सहा काप करता येतात आणि गर्दी सध्याच्या एलएचसीइतकी आटोक्यात येते. म्हणून एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगासाठी एमटीडी आणि ॲटलास प्रयोगासाठी एचजीटीडी हे टायमिंग डिटेक्टर आखले गेले.

आता मूळ मुद्दा. कणाने सोडलेला पल्स ॲम्प्लिफायरमधून येतो, तो एक ठरावीक थ्रेशोल्ड ओलांडतो, त्या क्षणाला आपण वेळ म्हणतो. पल्सवर नॉइज बसलेला असतो, म्हणून ओलांडण्याचा क्षण मागेपुढे हलतो. हा हलता भाग म्हणजे जिटर, आणि त्याचं सूत्र इतकं साधं आहे की ते कायम डोक्यात ठेवावं: नॉइजचा आरएमएस (त्याचा सरासरी मोठेपणा) भागिले थ्रेशोल्डपाशी असलेला पल्सचा चढ. समजा पल्सची उंची १०० मिलिव्होल्ट आहे आणि तो एका नॅनोसेकंदात वर जातो. चढ झाला १०० मिलिव्होल्ट प्रति नॅनोसेकंद. नॉइज १ मिलिव्होल्ट असेल तर जिटर १० पिकोसेकंद. नॉइज तोच ठेवून चढायला २ नॅनोसेकंद लागू द्या, जिटर २० होतो. पुढे कितीही सुंदर टीडीसी लावला तरी हे २० परत १० होत नाहीत.

यावरून नव्याने येणारे पहिला निष्कर्ष काढतात की ॲम्प्लिफायरची बँडविड्थ जमेल तेवढी वाढवावी. तसं नसतं. बँडविड्थ वाढली की नॉइजही वाढतो, आणि डिटेक्टरचा पल्स मुळातच जितका वेगवान आहे त्याच्यापलीकडे चढ वाढत नाही. ॲम्प्लिफायरचा राइज टाइम डिटेक्टरच्या राइज टाइमच्या आसपास आणला की सहसा चांगला मेळ बसतो. आणि डिटेक्टरची कपॅसिटन्स विसरू नका. ती वाढली की चढ मंदावतो आणि नॉइजही वाढतो, म्हणजे दोन्हीकडून फटका. मोठ्या क्षेत्रफळाच्या पॅडवर चांगलं टायमिंग का मिळत नाही याचं बहुतेक वेळा हेच उत्तर असतं.

सीएमएसच्या दोन्ही टोकांना आणि ॲटलासच्या एचजीटीडीमध्ये जे एलगॅड नावाचे सिलिकॉन सेन्सर बसणार आहेत, ते याच गणितातून जन्माला आले. त्यांचा कामाचा थर सुमारे ५० मायक्रॉन जाड, पॅड १.३ बाय १.३ मिलिमीटरचा. कपॅसिटन्स साडेतीन-चार पिकोफॅरड निघते. एक कण त्यातून गेला की सुमारे अर्धा फेम्टोकूलॉम चार्ज निर्माण होतो, आणि एवढ्यावर वेगवान ॲम्प्लिफायर चालवणं फार कठीण. म्हणून सेन्सरच्या आतच एक जास्त डोप केलेला पातळ थर ठेवतात. तिथे विद्युतक्षेत्र इतकं तीव्र असतं की चार्ज दहा-वीस पटींनी वाढतो. ॲम्प्लिफायरच्या आधी मिळालेली ही वाढ असल्यामुळे ॲम्प्लिफायरचा नॉइज तिच्याबरोबर वाढत नाही. मला स्वतःला गेल्या काही दशकांतल्या सेन्सरांपैकी हा सगळ्यात देखणा वाटतो.

मग सेन्सर अजून पातळ, वाढ अजून जास्त असं करत अचूकता ५ पिकोसेकंदांवर का नेत नाहीत? इथे निसर्गच आडवा येतो. कण सिलिकॉनमधून जाताना वाटेवर सगळीकडे सारखी ऊर्जा सोडत नाही. कुठे गठ्ठ्याने सोडतो, कुठे अगदी थोडी. त्यामुळे प्रत्येक कणाच्या पल्सचा आकार थोडा वेगळा असतो, नुसती उंची नव्हे, आकार. याला लँडाऊ फ्लक्चुएशन म्हणतात. ५० मायक्रॉनच्या सेन्सरमध्ये त्याचा वाटा २५ ते ३० पिकोसेकंदांचा पडतो आणि इलेक्ट्रॉनिक्सने तो पुसता येत नाही. सेन्सर पातळ केला की हा वाटा कमी होतो, पण चार्ज घटतो आणि कपॅसिटन्स वाढते. शिवाय किरणोत्साराने त्या डोप केलेल्या थरातली वाढ हळूहळू मरत जाते, म्हणून वर्षागणिक व्होल्टेज चढवत न्यावं लागतं. ५० मायक्रॉन ही या सगळ्या ओढाताणीतून निघालेली तडजोड आहे.

आता एक हिशेब मांडू. सेन्सरचा वाटा ३०, ॲम्प्लिफायरचा जिटर १०, क्लॉकचा १५, आणि तुमचा टीडीसी. १० पिकोसेकंदांच्या बिनचा वाटा बिन भागिले १२ चं वर्गमूळ, म्हणजे २.९. हे वाटे एकमेकांशी संबंध नसलेले आहेत, म्हणून त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. उत्तर ३५.१. तुमचा टीडीसी शून्य पिकोसेकंदांचा, अगदी परिपूर्ण केला तर उत्तर ३५.०. क्लॉकचा वाटा १५ वरून ५ वर आणला तर मात्र ३२. आणि क्लॉक बिघडून ४० वर गेला तर थेट ५१, म्हणजे सेन्सरवर केलेली सगळी मेहनत पाण्यात.

एक गोष्ट या हिशेबात नाही, ती म्हणजे टाइम वॉक. उंच पल्स थ्रेशोल्ड लवकर ओलांडतो, बुटका उशिरा, जरी दोघे एकाच क्षणी सुरू झाले तरी. याने शेकडो पिकोसेकंदांचा फरक सहज पडतो. पण हा नॉइज नव्हे, हा नियमित परिणाम आहे, त्यामुळे तो दुरुस्त करता येतो. कॉन्स्टंट फ्रॅक्शन डिस्क्रिमिनेटर, म्हणजे पल्स आपल्या उंचीच्या ठरावीक अंशाला पोहोचतो तो क्षण पकडणारं सर्किट, हा जुना उपाय. चिपमध्ये आज बहुतेक जण पल्स थ्रेशोल्डच्या वर किती वेळ राहिला तेही मोजतात आणि त्यावरून सुधारणा करतात. ॲलिससाठी बनलेली निनो ही आठ चॅनेलची चिप याचा उत्तम नमुना आहे: पल्स कधी आला हे पुढच्या कडेतून, किती मोठा होता हे रुंदीतून, आणि दोन्ही एकाच तारेच्या जोडीवरून. निनोच्या मागे लागला एचपीटीडीसी, ज्याचा बारीक बिन २५ पिकोसेकंदांचा होता. तुमच्या टीडीसीपेक्षा जाडच म्हणायचा, आणि तरी त्या डिटेक्टरने ६० पिकोसेकंदांच्या खालची एकूण अचूकता दिली. आता सर्नच्या पिकोटीडीसीमध्ये ६४ चॅनेल आहेत आणि बिन ३ पिकोसेकंदांचा. टीडीसी हा सुटलेला प्रश्न आहे असं मी म्हणतो ते यामुळे.

दुसरी वाट म्हणजे पल्सचा पूर्ण आकारच टिपणं. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटची डीआरएस४ चिप सेकंदाला ५ अब्ज नमुने घेते, पण तिची स्मृती १०२४ खान्यांची, म्हणजे साधारण २०० नॅनोसेकंदांची. मेग प्रयोगाने ती वापरली. प्रयोगशाळेत शिकायला याच्यासारखं साधन नाही, कारण एकच डेटा घेऊन थ्रेशोल्ड, कॉन्स्टंट फ्रॅक्शन, फिट असं सगळं घरी बसून करून पाहता येतं. लाखो चॅनेलना मात्र ती पद्धत परवडत नाही.

तुमच्या एफपीजीए टीडीसीबद्दल. बहुधा कॅरी चेनमधून (एफपीजीएत बेरजेसाठी असलेली सलग साखळी) सिग्नल पळवून तो कुठवर पोहोचला ते क्लॉकच्या कडेवर टिपलं असेल. यात सरासरी बिन १० असला तरी सगळे बिन १० चे नसतात. जिथे चेन एका लॉजिक ब्लॉकमधून दुसऱ्यात जाते तिथे एखादा बिन ३०-४० चा निघतो, आणि जास्तीत जास्त घटना त्याच बिनमध्ये पडतात, कारण तो रुंद आहे. फर्मीलॅबच्या जिनयुआन वू यांनी मांडलेली वेव्ह युनियनची युक्ती यासाठीच आहे: एका सिग्नलमागे चेनमध्ये एकाऐवजी अनेक कडा सोडायच्या, म्हणजे एक कडा रुंद बिनमध्ये सापडली तरी दुसरी बारीक बिनमध्ये पडते. कोड डेन्सिटी कॅलिब्रेशन केलं नसेल तर ते आधी करा: कुठल्याही वेळी येणारे लाखो सिग्नल द्या आणि कोणत्या बिनमध्ये किती पडले त्यावरून त्याची खरी रुंदी काढा. आणि मग बोर्डवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडून तेच पुन्हा करा. तापमानाने चेनचा वेग किती बदलतो ते पाहिल्यावर कॅलिब्रेशन चालू डेटाबरोबरच का करावं लागतं हे लगेच पटेल. जर्मनीतल्या जीएसआयने टीआरबी३ बोर्डवर एफपीजीएमध्येच टीडीसी करून हेडीस प्रयोगात वापरले आहेत, तेव्हा ‘चालेल का’ या प्रश्नाचं उत्तर होय, चालतं. फक्त डिटेक्टरच्या अगदी जवळ, जिथे किरणोत्सार जोरात असतो, तिथे साधा एफपीजीए टिकत नाही. तिथे खास चिपच लागते.

आता क्लॉक. यावर मी सगळ्यात जास्त भर देईन, कारण कॉलेजात हे कोणी शिकवत नाही. एका बोर्डवर दोन चॅनेलमधला फरक मोजताना क्लॉकच्या चुका एकमेकांना खोडतात, म्हणून तुमच्या प्रकल्पात क्लॉकचा त्रास दिसलाच नसेल. खऱ्या डिटेक्टरमध्ये हजारो बोर्ड दहा-वीस मीटरच्या पसाऱ्यात असतात आणि प्रत्येकाला तोच क्षण कळायला हवा. सीएमएसच्या एमटीडीत क्लॉक वितरणाचा वाटा १५ पिकोसेकंदांच्या आत ठेवायचं बंधन आहे. जलद जिटर त्यातला सोपा भाग, तो चांगल्या पीएलएलने (क्लॉकचा ताल स्थिर करणारं सर्किट) बऱ्यापैकी गाळता येतो. त्रास देतं ते संथ सरकणं. साध्या सिंगल-मोड फायबरमध्ये तापमान एका अंशाने बदललं की किलोमीटरमागे सुमारे ४० पिकोसेकंद सरकतात. १०० मीटर फायबर, दिवसरात्रीत ५ अंशांचा फरक, झाले २० पिकोसेकंद. आणि पीएलएलला हे दिसतही नाही. म्हणून एकतर व्हाइट रॅबिटसारखी दोन्ही दिशांनी वेळ मोजून सतत दुरुस्ती करणारी व्यवस्था लागते, नाहीतर डेटामधूनच, खुद्द कणांच्या वेळांवरून, प्रत्येक चॅनेलचं सरकणं काढत राहावं लागतं. व्यवहारात दोन्ही करावं.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये ऑपेरा प्रयोगाने जाहीर केलं की सर्नहून ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासोला जाणारे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात. जगभर खळबळ उडाली. पुढच्या वर्षी कारण सापडलं: जीपीएस रिसीव्हरपासून मुख्य क्लॉकपर्यंत येणाऱ्या फायबरचा कनेक्टर नीट घट्ट बसलेला नव्हता. (ऑसिलेटरचीही एक चूक होती, पण ती उलट्या दिशेने काम करत होती.) सैल कनेक्टरने उशीर का व्हावा? कारण प्रकाश कमी पोहोचला, फोटोडायोडचा पल्स बुटका झाला, आणि त्याने थ्रेशोल्ड उशिरा ओलांडला. म्हणजे वर सांगितलेला टाइम वॉकच, फक्त डिटेक्टरच्या चॅनेलमध्ये नाही तर क्लॉकच्या वाटेवर. त्या लोकांनी आपला निकाल स्वतःच तपासत राहून चूक शोधून काढली आणि ती जाहीरपणे मांडली, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. फायबरमधून क्लॉक नेणाऱ्या प्रत्येकाने पोहोचणाऱ्या प्रकाशाची पातळीही वेळेबरोबर नोंदवत राहावी, एवढं त्यातून नक्की घ्या.

बोर्डच्या पातळीवर थोडं. नेहमीच्या एफआर४ वर १ मिलिमीटर ट्रॅक म्हणजे साधारण ७ पिकोसेकंद, तेव्हा लांबीतला फरक मोजून नोंदवा, सगळे ट्रॅक वळवून वळवून सारखे करत बसू नका. कायम राहणारा फरक कॅलिब्रेशनमध्ये निघून जातो, वळणांमुळे वाढलेला क्रॉसटॉक (एका ट्रॅकचा सिग्नल शेजारच्यात घुसणं) निघत नाही. डिस्क्रिमिनेटरचं डिजिटल आउटपुट ॲम्प्लिफायरच्या इनपुटजवळून नेऊ नका, चॅनेल आपल्याच आउटपुटने पुन्हा ट्रिगर होतो. डीसी-डीसी कन्व्हर्टरचं स्विचिंग थ्रेशोल्डवर चढतं. सीएमएसच्या ३.८ टेस्ला चुंबकात फेराइटचे इंडक्टर चालत नाहीत, हवेच्या गाभ्याचे लागतात, आणि ते चौफेर चुंबकीय क्षेत्र फेकतात, म्हणून त्यांना कवच घालावं लागतं. थ्रेशोल्ड कुठे ठेवायचा याचा कोणताही नियम मी देणार नाही. तो हलवत अचूकतेचा आलेख काढा आणि सगळ्यात खालच्या बिंदूवर ठेवा.

चाचणीची पद्धत मात्र नक्की पाळा. आधी एकच पल्स स्प्लिटरने दोन चॅनेलना द्या, फरकाचा पसारा घ्या आणि २ च्या वर्गमुळाने भागा. ही झाली नुसत्या इलेक्ट्रॉनिक्सची अचूकता. पेपरांमध्ये आणि कंपन्यांच्या पत्रकांमध्ये बहुतेक वेळा हाच आकडा असतो. मग पल्सची उंची अर्धी, चौथाई करत तेच पुन्हा करा, कारण खरे कण ठरावीक उंचीचे पल्स देत नाहीत. त्यानंतर खरा डिटेक्टर. तीन सारखे डिटेक्टर एकाखाली एक ठेवा, स्ट्रॉन्शियम-९० चा स्रोत किंवा कॉस्मिक म्यूऑन वापरा, तिन्ही जोड्यांचे फरक घ्या. तीन समीकरणं, तीन अज्ञात, प्रत्येक डिटेक्टरची स्वतंत्र अचूकता हातात येते. दोनच डिटेक्टर असतील तर दोघे सारखे आहेत असं गृहीत धरावं लागतं, आणि ते सहसा खरं नसतं.

पुढे काय शिकावं? सेन्सरमध्ये सिग्नल कसा निर्माण होतो ते शॉकली-रामो प्रमेयापासून शिका. चार्ज इलेक्ट्रोडवर पोहोचल्यावर सिग्नल येतो असं अनेक इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना वाटतं, तो चार्ज हलायला लागल्या क्षणापासून येतो. मग ॲनालॉग, म्हणजे नॉइजचं गणित आणि ट्रान्झिस्टर पातळीवरचं ॲम्प्लिफायर डिझाइन. डिजिटल तुम्हाला येतंच. भारतात या कामाची माणसं आहेत: मुंबईत टीआयएफआर आणि बीएआरसी, कोलकात्यात साहा इन्स्टिट्यूट आणि व्हीईसीसी. आयकॅलच्या आरपीसींसाठी बीएआरसीने अनुस्पर्श ही फ्रंट-एंड चिप केली. ॲलिसच्या म्यूऑन स्पेक्ट्रोमीटरसाठीची मानस चिप तर साहा इन्स्टिट्यूटच्या कामातून आली आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तयार झाली. मदुराईला ८५ टनांचा मिनी-आयकॅल आहे, तिथल्या आरपीसींवरून खरे पल्स कसे दिसतात ते पाहता येतं. इंटर्नशिपसाठी लिहाल तेव्हा १० पिकोसेकंदांचा आकडा पहिल्या ओळीत टाकू नका. बिनच्या रुंदीचा आलेख, तापमानाबरोबरचं सरकणं आणि स्प्लिटर चाचणीचा निकाल जोडा. समोरचा माणूस आधी तेच तीन आलेख मागणार आहे.